हे लाकूड आलं कुठून?

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यालगत व्हँकुव्हर नावाचं मोठं बेट आहे. त्याच्या महासागराकडच्या अंगाला क्लेक्वॉट साउंड हा खाड्यांचा आणि दाट, ओल्या जंगलाचा प्रदेश. इथल्या काही सीडर वृक्षांचं वय हजार वर्षांच्या पुढे आहे. एप्रिल १९९३ मध्ये ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या सरकारने या जंगलाचा साधारण एक तृतीयांश भाग राखला आणि बाकीचा बहुतेक भाग तोडीला मोकळा केला. त्या उन्हाळ्यात केनेडी नदीच्या पुलावर रोज पहाटे माणसं येऊन बसायची, लाकूडतोड्या कंपनीचे ट्रक यायचे, न्यायालयाचा मनाई हुकूम वाचून दाखवला जायचा आणि पोलीस एकेकाला उचलून गाडीत घालायचे. हंगाम संपेपर्यंत साडेआठशेच्या वर लोकांना अटक झाली. तोवरच्या कॅनडाच्या इतिहासातला तो सर्वांत मोठा सविनय कायदेभंग होता.

तरी ट्रक जातच राहिले. चिपको ऐकून मोठे झालेल्या आपल्याला हे जरा खटकतं. माणसं झाडापुढे उभी राहिली की सरकार नमतं, असं आपल्या डोक्यात बसलेलं असतं. इथे जमीन कागदोपत्री प्रांत सरकारची, तोडीचा परवाना मॅकमिलन ब्लोडेल या बड्या कंपनीचा आणि गावोगावचे पगार त्याच तोडीवर. नमायचं कुणी आणि कशासाठी?

मग आंदोलकांनी ओंडक्यांचा माग काढायला सुरुवात केली. ते कुठे जातात? काहींचा लगदा होऊन युरोपात टिश्यू पेपर आणि मासिकांचा कागद बनत होता. सीडर आणि डग्लस फर अमेरिकेत घरांच्या बाहेरच्या फळ्या, जिने आणि मागच्या अंगणातल्या लाकडी ओट्यांसाठी जात होते. १९९४ मध्ये ब्रिटनमधल्या स्कॉट आणि किंबर्ली-क्लार्क या टिश्यू पेपर बनवणाऱ्या कंपन्यांनी मॅकमिलन ब्लोडेलकडून लगदा घेणं थांबवलं. जे काम पुलावरच्या अटकांनी झालं नव्हतं, त्याची सुरुवात परदेशातल्या दोन गिऱ्हाइकांनी केली. ज्याला जंगल तोडायचंय त्याला सामान्य माणसाची भीती नसते, पण त्याचा माल जो सामान्य माणसाला विकतो त्याला असते. पुढची सगळी मोहीम या एका फरकावर उभी आहे.

आता दुकानदारच का, ते पाहू. एका टोकाला जगभरची जंगलं आणि हजारो आरागिरण्या. दुसऱ्या टोकाला कोट्यवधी घरं. दोन्ही टोकं अवाढव्य, कुठे हात घालावा कळत नाही. पण डमरूसारखी मधली कंबर अरुंद आहे, आणि तिथे बसलेत मोजके मोठे किरकोळ विक्रेते. १९७८ मध्ये अटलांटात स्थापन झालेली होम डेपो ही त्यातली सर्वांत मोठी. १९९९ पर्यंत तिची आठशेच्या वर दुकानं झाली होती आणि ती जगातली सर्वांत मोठी लाकूड विकणारी किरकोळ कंपनी होती. न्यू जर्सीत किंवा डॅलसमध्ये राहणाऱ्या मराठी घरांना ती भगवी पाटी चांगलीच ओळखीची आहे. कुंपणाची फळी सडली, नळ गळायला लागला की शनिवारी सकाळी गाडी तिकडे वळते.

या दुकानात जुन्या जंगलाचं लाकूड नेमकं कुठे होतं? लाकडाच्या रांगेत उभं राहिलं तर डोळ्यांना ते दिसतं, फक्त काय पाहायचं ते माहीत हवं. पहिली गोष्ट गाठींची. जुन्या जंगलातलं रोपटं दाट सावलीत वाढतं, म्हणून सावकाश वाढतं. त्याची वाढीची वलयं इतकी चिकटून असतात की मोजायला भिंग लागतं. खालच्या फांद्यांना ऊन मिळत नाही, त्या वाळून गळून पडतात. त्यानंतरची कित्येक शतकं खोड त्या जागेवरून स्वच्छ लाकूड चढवत राहतं. गाठ म्हणजे खोडात अडकलेला फांदीचा बुंधा. फांदीच नाही तर गाठही नाही. अशा ओंडक्याच्या बाहेरच्या भागातून लांबच लांब, सरळ रेषांची, एकही गाठ नसलेली फळी निघते. ती वाकत नाही, पीळ घेत नाही, रंग नीट धरते. सुताराला असं लाकूड हातात आलं की सोडवत नाही, आणि भावही तसाच.

लावलेल्या जंगलातलं चाळीस-पन्नास वर्षांचं झाड उजेडात भराभर वाढलेलं असतं. वलयं रुंद, फांद्या पार खालपर्यंत, म्हणून फळीत जागोजाग गाठी. गाभ्यातलं कोवळं लाकूड वाळताना पिळवटतं. भिंतीच्या आतल्या सांगाड्याला ते उत्तम चालतं, कारण तिथे ते कुणाला दिसत नाही. मात्र खिडकीच्या चौकटीला, दाराच्या पट्टीला, बाहेरच्या ओट्याला लोक गाठ नसलेलं लाकूड मागतात. सीडरच्या जुन्या गाभ्यात न सडण्याचा गुण असतो, ते आणखी एक कारण.

दुसरं लाकूड उष्ण प्रदेशातलं, आणि ते ओळखणं अवघड. बोर्निओ, सुमात्रा, फिलिपिन्सच्या पावसाळी जंगलांतले उंच वृक्ष सालपटासारखे सोलून त्यांचे पातळ पापुद्रे काढतात आणि ते स्वस्त दारांवर चिकटवतात. व्यापारात त्याला लुआन म्हणतात. असं दार चार माणसांच्या घरात सहज असतं आणि कुणालाही ते जंगल वाटत नाही. इंडोनेशिया-मलेशियाच्या दलदलीतल्या रामीन झाडाचे गोल दांडे, अवजारांच्या मुठी आणि फोटोच्या चौकटी बनायच्या. ब्रशची मूठ हातात धरणाऱ्याला आपण ओरांगउटानच्या घरातलं लाकूड धरलंय हे सांगितलं तर तो हसला असता.

मोहीम चालवणाऱ्यांचं गणित इथे आहे, आणि ते भावनेपेक्षा फार थंड आहे. जुन्या जंगलाचं लाकूड हा दुकानाच्या उलाढालीतला छोटा वाटा. ते काढून टाकलं तर दुकान बुडत नाही. त्याच्या जागी छोटे तुकडे दातेरी सांध्याने जोडलेल्या पट्ट्या, दाबून बनवलेल्या फळ्या, न्यूझीलंड-चिलीच्या लागवडीतला पाइन असं पर्यायी सामान मिळतं. उलट जंगलाच्या बाजूने पाहिलं तर तो छोटा वाटा हेच तोडीचं मोठं कारण. एकाला सोडावं थोडंच लागतं आणि दुसऱ्याचं वाचतं सगळंच, अशी जोडी शोधायची. तशी नसेल तर दुकानाबाहेर कितीही घोषणा द्या, वरिष्ठ लोक खिडकी लावून घेतात.

रेनफॉरेस्ट ॲक्शन नेटवर्क ही सॅन फ्रान्सिस्कोची संस्था, १९८५ मध्ये स्थापन झालेली. १९८७ मध्ये बर्गर किंगने मध्य अमेरिकेतलं, जंगल तोडून केलेल्या कुरणांतलं गोमांस घेणं थांबवलं, ते तिच्याच बहिष्काराने. १९९७ मध्ये तिने होम डेपोकडे मोर्चा वळवला. आधी पत्रं, आधी बैठका. दुकानासमोर फलक घेऊन उभं राहणं ही नेहमी दुसरी पायरी असते. पहिली पायरी चुकवली तर कंपनी म्हणू शकते की आम्हाला कुणी विचारलंच नाही.

बैठकांतून काही निघालं नाही तेव्हा दुकानांत गंमत सुरू झाली. कार्यकर्त्यांना आतल्या ध्वनिक्षेपकाचा सांकेतिक क्रमांक कळला होता. गिऱ्हाइकं रंगाचे डबे निवडत असताना छतातून आवाज यायचा: अमुक क्रमांकाच्या रांगेत ॲमेझॉनच्या जंगलातून ओरबाडून आणलेलं महोगनी विक्रीला आहे, जमिनीवर सांडलेल्या रक्तावरून पाय घसरू नये म्हणून जपून चाला. भगवा ॲप्रन घातलेला कर्मचारी धावत फोनकडे जायचा. तोवर निवेदन संपलेलं असायचं. दुसरीकडे कुणी अस्वलाचा वेश करून लाकडाच्या रांगेत फिरायचं, कुणी गिऱ्हाइकांना घेऊन "या फळीचं गाव" अशी सहल काढायचं, अटलांटातल्या मुख्यालयावर मोठा फलक लटकवला जायचा. भागधारकांच्या सभेतही हाच प्रश्न उठायचा.

यातून किती फळ्या कमी विकल्या गेल्या असतील? बहुधा फार नाहीत. बहिष्काराने विक्री पडते हा बाहेरून बघणाऱ्यांचा समज आहे. आतून काय होतं ते वेगळं. प्रत्येक दुकानाच्या व्यवस्थापकाला मुख्यालयात फोन करावा लागतो. मुख्यालयातल्या कुणाला तरी उत्तर लिहावं लागतं. उत्तर लिहिताना त्याच्या लक्षात येतं की खरं उत्तर आपल्याला माहीत नाही. कर्मचारी घरी गेल्यावर शाळकरी मुलगी विचारते, बाबा, तुमच्या दुकानात ते लाकूड आहे का? मोठ्या कंपनीला तोट्यापेक्षा अशी रोजची चिडचिड जास्त बोचते, कारण तोट्याचं खातं असतं आणि चिडचिडीचं नसतं.

इतकंही पुरं पडत नाही, आणि मोहिमांच्या कहाण्या सांगताना हा भाग हमखास गाळला जातो. दार ठोठावणाऱ्याबरोबर आत बसून बोलणारा कुणीतरी लागतो. कंपनी "बरं, थांबवतो, पण मग कोणतं घेऊ?" असं विचारते, तेव्हा उत्तर तयार असावं लागतं. ब्रिटनमध्ये ते आधीच घडलं होतं. तिथल्या बी अँड क्यू या घरसामानाच्या दुकानसाखळीने १९९१ मध्येच ठरवलं होतं की १९९५ पर्यंत आपलं सगळं लाकूड नीट सांभाळलेल्या जंगलांतून येईल, आणि वन्यजीवांसाठी काम करणारी डब्ल्यूडब्ल्यूएफ ही संस्था तिच्याबरोबर होती. लगेच पुढची अडचण आली: "नीट सांभाळलेलं" हे ठरवणार कोण? जो तो आपापला हिरवा शिक्का छापत होता. त्यातून १९९३ मध्ये टोरांटोत फॉरेस्ट स्टुअर्डशिप कौन्सिल, म्हणजे एफएससी, जन्माला आली. तिच्या सभासदांचे तीन गट आहेत: पर्यावरणवाले, जंगलात राहणारे आणि कामगार यांची बाजू मांडणारे, आणि लाकडाचा धंदा करणारे. तिन्ही गटांच्या मतांचं वजन सारखं. त्यामुळे नुसत्या कंपन्यांना नियम ढिले करता येत नाहीत आणि नुसत्या कार्यकर्त्यांना ते न झेपण्याइतके कडक करता येत नाहीत. भांडणं भरपूर होतात. तशीच ती रचना आहे.

२६ ऑगस्ट १९९९ रोजी होम डेपोचे प्रमुख आर्थर ब्लँक यांनी जाहीर केलं की धोक्यात आलेल्या जंगलांचं लाकूड २००२ अखेरपर्यंत आम्ही बंद करू आणि प्रमाणित लाकडाला पसंती देऊ. वर्षभरात प्रतिस्पर्धी लोज्‌ने तसंच धोरण आणलं. कॉफमन अँड ब्रॉड आणि सेन्टेक्स हे मोठे घरबांधणीवालेही मागोमाग आले. पहिल्याला पाडायला दोन वर्षं लागली. बाकीच्यांना पहिल्याचं काय झालं ते दिसत होतं.

वर्तमानपत्रांची गोष्ट इथे संपते. कामाची इथून सुरू होते, कारण होम डेपोला स्वतःलाच ठाऊक नव्हतं की आपलं लाकूड येतं कुठून. दुकानात हजारो वस्तू, त्यांतल्या अनेकांत कुठेतरी लाकूड. खरेदी विभागातला माणूस घाऊक व्यापाऱ्याला विचारतो, तो आरागिरणीला, गिरणी ओंडक्यांच्या वखारीला, वखार ठेकेदाराला. प्रत्येक टप्प्यावर पाच जंगलांचा माल एका ढिगात मिसळलेला. आजवर कुणी विचारलंच नव्हतं, म्हणून कुणी लिहूनही ठेवलं नव्हतं. खरेदी विभागातल्या माणसाने पुरवठादाराला "कोणतं जंगल?" असं विचारावं आणि पुरवठादाराला ते विचारणारा आपलं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक असावं, या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या तेव्हा कागद हलू लागले.

यासाठी एफएससीत दोन वेगळी प्रमाणपत्रं आहेत, आणि त्यांत गल्लत होते. एक जंगलाचं: तोड कशी होते, जुनी झाडं राखली जातात का, तिथल्या रहिवाशांना विचारलं जातं का, ते बाहेरचे तपासनीस जाऊन बघतात. दुसरं मालाच्या प्रवासाचं: जंगलापासून दुकानापर्यंत ज्या ज्या धंद्याच्या हातून माल जातो, त्या प्रत्येकाला ते घ्यावं लागतं. गिरणीत प्रमाणित ओंडके वेगळ्या रंगाने खुणावलेले किंवा वेगळ्या जागी रचलेले दिसतील. त्याहून महत्त्वाचं म्हणजे हिशेब. समजा शंभर घनमीटर प्रमाणित ओंडके आत आले आणि चिरल्यावर त्यातून पन्नास घनमीटर फळ्या निघतात, तर गिरणीला प्रमाणित म्हणून ऐंशी विकता येत नाहीत. वर्षातून एकदा तपासनीस येतो तो मुख्यतः हा ताळा पाहायला. साखळीतला मधला एकजण जरी अप्रमाणित असला तरी पुढे कुणाला शिक्का मारता येत नाही.

फळीवर किंवा खोक्यावर झाडाच्या आकाराला बरोबरची खूण जोडलेलं चिन्ह असतं, खाली "एफएससी-सी" नंतर सहा आकडी क्रमांक. तो क्रमांक सार्वजनिक यादीत शोधता येतो. चिन्हाखालचा शब्द नीट वाचावा. "१०० टक्के" म्हणजे सगळं लाकूड प्रमाणित जंगलातलं. "मिक्स" म्हणजे प्रमाणित आणि पुनर्वापराचं मिळून किमान सत्तर टक्के, बाकीचं धोकादायक उगमाचं नसल्याची खात्री केलेलं. ही खात्रीच वादाचा विषय आहे. तपासनिसाला पैसे तपासली जाणारी कंपनीच देते, हाही जुना आक्षेप. ग्रीनपीस इंटरनॅशनल, जी एफएससीच्या स्थापनेत होती, ती २०१८ मध्ये बाहेर पडली. माझं मत विचाराल तर हे चिन्ह शंका मिटवण्यासाठी नाही. शंका कुणाला विचारायची त्याचा पत्ता त्यातून मिळतो, आणि बिनचिन्हाच्या फळीवर तोही नसतो.

जंगलात काय झालं? मॅकमिलन ब्लोडेलने १९९८ मध्येच जाहीर केलं होतं की जुन्या जंगलात सरसकट सपाट तोड बंद करत जाऊ. क्लेक्वॉटमध्ये तिथल्या मूळ रहिवासी नू-चा-नुल्थ लोकांबरोबर भागीदारीची कंपनी निघाली. उत्तरेकडच्या किनाऱ्यावर, ज्याला मोहिमेने ग्रेट बेअर रेनफॉरेस्ट म्हणायला सुरुवात केली, तिथे २००१ मध्ये पहिला समझोता झाला आणि २०१६ मध्ये अखेरचा: सुमारे ६४ लाख हेक्टरच्या प्रदेशात ८५ टक्के जंगल व्यापारी तोडीपासून बाजूला ठेवलं गेलं. याचं सगळं श्रेय दुकानांना देणं हा अन्याय होईल. तिथल्या मूळ रहिवासी जमातींचे जमिनीवरचे हक्क आणि त्यांनी न्यायालयांत दिलेला लढा नसता, तर गिऱ्हाइकांच्या दबावाने फक्त तोडीचा वेग कमी झाला असता. गिऱ्हाइकाने कंपनीला टेबलापर्यंत आणलं. टेबलावर काय ठरवायचं ते ज्यांची जमीन त्यांनी ठरवलं.

मर्यादा कुठे आहेत तेही दिसून आलं आहे. २०२१ मध्ये त्याच व्हँकुव्हर बेटावर फेअरी क्रीकच्या खोऱ्यात जुनी झाडं वाचवताना अकराशेहून अधिक अटका झाल्या. काही ठिकाणी कायदाच लागला: अमेरिकेने २००८ मध्ये लेसी कायद्यात बदल करून चोरट्या लाकडाची आयात गुन्हा ठरवली. लंबर लिक्विडेटर्स ही जमिनीच्या फळ्या विकणारी कंपनी रशियाच्या अतिपूर्वेकडच्या, आमूर वाघाच्या जंगलातल्या ओक लाकडावरून दोषी ठरली आणि २०१६ मध्ये तिला १ कोटी ३० लाख डॉलरहून जास्त रक्कम भरावी लागली. कायदा आल्यावर दुकानदाराचं धोरण ही केवळ मर्जीची बाब राहत नाही. होम डेपोतही विषय मिटलेला नाही; २०२२ मध्ये जंगलतोडीबाबतच्या प्रस्तावाला भागधारकांची सुमारे ६५ टक्के मतं पडली, तीही व्यवस्थापनाच्या सल्ल्याविरुद्ध. उष्ण प्रदेशातली बहुतेक जंगलं तर लाकडासाठी तुटतच नाहीत, ती गुरांसाठी, सोयाबीनसाठी, पामतेलासाठी जाळली जातात. तिथे फळी विकणाऱ्या दुकानाचा काही उपयोग नाही.

आपल्याकडे ही पद्धत चालेल का, हा प्रश्न पुण्याच्या टिंबर मार्केटमध्ये किंवा मुंबईच्या रे रोडला फिरताना पडतोच. इथलं लाकूड छोट्या वखारींतून, सुताराच्या शब्दावर विकलं जातं. "बर्मा टीक" ही पाटी दुकानाबाहेर अभिमानाने लावलेली असते. म्यानमारने २०१४ मध्ये अख्ख्या ओंडक्यांची निर्यात बंद केली, २०२१ च्या लष्करी उठावानंतर अमेरिका आणि युरोपने तिथल्या सरकारी लाकूड महामंडळावर निर्बंध घातले, तरी चिरलेलं सागवान भारतात येत राहिलं. पाटी लावणाऱ्या वखारवाल्याला लाज वाटावी असं मोठं नावच नाही. बाहेर अस्वलाचा वेश करून उभं राहिलं तर तो चहा पाजेल.

प्लायवुडची गोष्ट मात्र वेगळी आहे, कारण प्लायला नाव आहे. टीव्हीवर जाहिराती आहेत, हमीपत्रं आहेत. प्लायचा पोटातला भाग आता बहुधा यमुनानगरकडच्या शेतातल्या पॉप्लर आणि निलगिरीचा असतो. प्रश्न वरच्या पापुद्र्याचा. पूर्वी तो म्यानमारच्या गर्जनचा असायचा. सुतार अजून "गर्जन फेस" असंच मागतो, आणि गर्जन हा त्या लुआनच्याच कुळातला वृक्ष. म्यानमारची निर्यात थांबली तेव्हा कारखाने लाओसकडे वळले, तिथे बंधनं आली तेव्हा आफ्रिकेत गॅबॉनला गेले आणि ओकुमे नावाचं झाड सोलू लागले. एक दार बंद झालं की माल दुसऱ्या दाराने येतो, त्याचा हा घरातला नमुना. काही भारतीय प्लाय कंपन्यांकडे एफएससीचं प्रमाणपत्र आहे, पण ते बहुधा ठरावीक मालापुरतं. कंपनीच्या नावावर ते आहे म्हणून तुमच्या कपाटाच्या प्लायला ते लागू होतंच असं नाही. नियम साधा आहे. दावा बिलावर लिहिलेला हवा, शेजारी विकणाऱ्याच्या प्रमाणपत्राचा क्रमांक हवा. कपाटं करायला घ्याल तेव्हा डीलरला दोनच गोष्टी विचारा: वरचा पापुद्रा कोणत्या झाडाचा, कोणत्या देशातला; आणि तो क्रमांक बिलावर लिहून मिळेल का. बहुतेक जण म्हणतील, असं आजवर कुणी विचारलं नाही.